एक्सल काढा, पण अलाइनमेंट हलवू नका: फ्रंट व्हील ड्राइव्ह प्रोजेक्ट कारसाठी सविस्तर कृती

मारुती 800, झेन, एस्टीम, पहिल्या पिढीची सँट्रो. सातारा-सांगली भागात शेडमध्ये झाकून ठेवलेल्या आणि हळूहळू उभ्या राहणाऱ्या प्रोजेक्ट गाड्यांत ही नावे सतत दिसतात. या सगळ्यांत इंजिन आडवे असते आणि ओढण्याचे काम पुढची चाके करतात. त्यामुळे चाक फिरवणारा एक्सल, वळवणारा टाय रॉड आणि तोलणारा शॉकअप हे तिन्ही एकाच नकलवर, म्हणजे चाक ज्यावर बसते तो हब धरणाऱ्या लोखंडी भागावर, येऊन मिळतात. एक्सल काढायचा तर नकल बाजूला घ्यावीच लागते. ती बाजूला घेताना चुकीचा बोल्ट सोडला की कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) आणि टो (चाके पुढून आत किंवा बाहेर किती बघतात ते) दोन्ही हलतात. पुढे टायर कातरल्यासारखे झिजले की दोष अलाइनमेंट सेंटरवाल्याला दिला जातो. म्हणून पाना हातात घेण्याआधी कोणते बोल्ट सोडायचे नाहीत हे ठरवा. खालची सगळी कृती याच हिशेबाने लिहिली आहे.

आधी निदान, मग खोलणे

एक्सल काढायचे कारण पक्के हवे. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी सावकाश पुढे घेताना चाकाच्या बाजूने कट-कट-कट आवाज येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलच्या टोकाचा, चाक वळलेले असतानाही फिरवणारा सांधा) गेला आहे. सरळ रस्त्यावर रेस दिल्यावर गाडी थरथरते आणि रेस सोडली की थांबते, किंवा रेस देता-सोडताना एकदाच 'ठक्' होते, तेव्हा आतला जॉइंट तपासा. वेगाबरोबर वाढणारी घरघर वळणावर एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होत असेल, तर ते काम हब बेअरिंगचे आहे. अशा वेळी एक्सल बदलून पैसे घालवू नका.

रिमच्या आतल्या कडेला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले की जॉइंटवरचा रबरी बूट फाटलाच समजा. फाटलेला बूट वेळेवर सापडला आणि जॉइंटमध्ये माती गेलेली नसली तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागते. सातारा जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन तऱ्हा आहेत. मेढा, बामणोली, महाबळेश्वरकडच्या गाड्यांचे बोल्ट गंजून बसलेले असतात, तर माण-खटावकडच्या गाड्यांचे बोल्ट सुटतात पण रबर कोरडे होऊन तडकलेले असते. पहिल्या प्रकारच्या गाडीला आदल्या संध्याकाळीच सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. त्या एका रात्रीने दुसऱ्या दिवशीचे निम्मे कष्ट वाचतात.

हत्यारे आणि सुटे भाग

हब नटाचा सॉकेट छोट्या गाड्यांत बहुधा 30 किंवा 32 मिमीचा असतो, काहींत 36 मिमीचा. गाडीवर मापूनच आणा आणि सहा कोनी आणा, कारण बारा कोनी सॉकेट नटाचे कोपरे खातो. अर्धा इंची मजबूत टॉमी आणि तिच्यावर चढेल असा मीटरभर लांबीचा पाइप लागेल. त्याशिवाय टॉर्क रेंच, टाय रॉडचा पुलर, सपाट टोकाच्या दोन पहारी, पितळी दांडा, जॅक, दोन स्टँड आणि तेलासाठी पसरट पाटी.

सुट्या भागांत नवा हब नट, आतल्या जॉइंटच्या टोकाची नवी सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), गिअरबॉक्सचे ऑइल सील, स्प्लिट पिना आणि बूट किट घ्या. हब नट आणि सर्क्लिप जुनीच परत लावायची सवय आपल्याकडे आहे. ती सोडायला हवी. दोन्ही एकदाच वापरायच्या वस्तू आहेत आणि एकूण खर्चात त्यांचा वाटा नगण्य आहे. गिअर ऑइल दोन-सव्वादोन लिटर लागेल. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तीच घ्या. या गिअरबॉक्सना बहुधा जीएल-4 सांगितलेले असते. जीएल-5 मधली गंधकयुक्त रसायने गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवतीलच असे नाही, त्यामुळे 'भारीतले' म्हणून ते ओतू नका.

गाडी उचलण्याआधी

हब नटाचा ताण गाडी जमिनीवर असतानाच सोडवायचा असतो. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडसर लावा. नट स्टेक केलेला असेल, म्हणजे त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असेल, तर ती बारीक छिन्नीने आधी पूर्ण उचला. अर्धवट उचललेली कड नटाबरोबर फिरते आणि शाफ्टचे आटे सोलून काढते. स्प्लिट पिनचा नट असेल तर पिन काढून आटे तारेच्या ब्रशने साफ करा.

मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हा नट 175 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. मीटरभर पाइपच्या टोकाला हे सुमारे 18 किलोचे बळ झाले. गंजलेला नट याच्या दुपटीनेही सुटत नाही. तेव्हा पाइपवर नाचू नका. तेल मारा, थांबा, नटाच्या बाजूंवर हातोडीचे ठोके द्या आणि पुन्हा जोर लावा. ताण सुटला की तिथेच थांबा. नट ढिला ठेवून गाडी इंचभरही ढकलू नका, कारण बऱ्याच गाड्यांत हब बेअरिंगच्या आतल्या रिंगा याच नटाच्या दाबाने एकत्र धरलेल्या असतात. तो दाब गेला आणि वर गाडीचे वजन आले की बेअरिंग जागच्या जागी खराब होते. घरघर मात्र महिनाभराने सुरू होते, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता चाकांचे नट थोडे ढिले करून गाडी उचला. पुढची दोन्ही चाके सारख्या उंचीवर उचला. एकच बाजू उचलली तर डावी-उजवी बाजू जोडणारा स्टॅबिलायझर बार पिळतो आणि नकल खालून धरणारा लोअर आर्म खाली दाबताना तुमच्या विरुद्ध जोर लावतो. स्टँड दारांखालच्या सिलच्या मजबूत खाचेखालीच हवेत. वीट, सिमेंटचा ब्लॉक किंवा जांभ्याचा चिरा स्टँड म्हणून वापरू नका. हे तिन्ही भार सहन करताना दिसतात आणि कोणतीही सूचना न देता फुटतात. शेडची जमीन मातीची असेल, विशेषतः कृष्णाकाठची काळी माती, तर स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट किंवा 20 मिमीचा प्लायवूड घाला. पावसाळ्यात ही जमीन रात्रीत दबते.

एक्सल काढणे

गिअर ऑइल आधी काढून घ्या. पण त्याच्याही आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहा. तेल काढून झाल्यावर भरायचा बोल्ट अडकलेला निघाला तर काम तिथेच थांबते. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असणे नेहमीचे आहे, धातूचे तुकडे असले तर एक्सलपेक्षा मोठा विषय आहे.

चाक काढा. ब्रेकचा पाइप आणि एबीएस असेल तर त्याची वायर शॉकअपवरच्या क्लिपांतून मोकळी करा. कॅलिपर काढायची सहसा गरज नसते. काढलाच तर तारेने स्प्रिंगला टांगा, नळीवर लटकू देऊ नका.

इथून दोन रस्ते फुटतात. नकल वरून सोडता येते, म्हणजे शॉकअप आणि नकल जोडणारे दोन बोल्ट काढून, किंवा खालून, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवून. बरेच मेकॅनिक वरून सोडतात, कारण ते बोल्ट समोर असतात. पण कॅम्बर धरून ठेवतात ते हेच दोन बोल्ट. त्यांच्या भोकांत अर्ध्या मिलिमीटरचा सैलपणा असतो. बोल्टांमधले अंतर 60 मिमी धरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नकल जवळजवळ 1 अंश झुकू शकते. बॉल जॉइंट मात्र टेपर किंवा पिंच बोल्टने ठरलेल्या जागीच बसतो, कॅम्बर जसाच्या तसा राहतो. म्हणून खालचाच रस्ता घ्या. बॉल जॉइंट अगदीच जाम असेल तेव्हाच वरचा, आणि तेव्हाही नकल व शॉकअपच्या सांध्यावर अणकुचीदार खिळ्याने आरपार रेघ मारून मग बोल्ट सोडा. रंगाची खूण तेलाने पुसली जाते, ओरखडा राहतो.

सुझुकी पद्धतीच्या नकलमध्ये बॉल जॉइंटचा दांडा पिंच बोल्टने धरलेला असतो. हा बोल्ट दांड्याच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता ढिला करून काही होत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. नंतर फटीत छिन्नी हलकेच घालून ती केसभर उघडा. जोरात ठोकली तर नकल तडकते. आता लोअर आर्मवर पहार टाकून खाली दाबा, दांडा सुटून येईल.

मारुती 800 मध्ये आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे. तिचा स्टॅबिलायझर बार गाडीचा झोल कमी करतोच, शिवाय लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. म्हणजे कॅस्टर (बाजूने पाहिल्यास चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) त्या बारवर आणि त्याच्या रबरी बुशांवर अवलंबून आहे. त्याच्या टोकाचे नट सोडायची वेळ आली तर वॉशर आणि बुशांचा क्रम, त्यांची तोंडे कोणत्या बाजूला आहेत, याचा फोटो काढून ठेवा. वॉशर उलटा बसला की त्या चाकाचा कॅस्टर बदलतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

नकल पुरेशी फिरत नसेल तर टाय रॉड एंड सोडवा. स्प्लिट पिन आणि नट काढून पुलर लावा. पुलर नसेल तर ज्या भोकात टेपर बसला आहे त्या भोकाच्या बाजूवर हातोड्याने ठोका, म्हणजे टेपर सुटतो. दांड्याच्या टोकावर कधीही ठोकू नका, आटे पसरतात. टाय रॉडवरच्या लॉक नटाला मात्र हात लावू नका. टो तिथे ठरतो. टाय रॉड एंडच बदलायचा असेल तर आधी लॉक नटाची जागा पट्टीने मापा आणि जुना एंड काढताना फेरे मोजा, म्हणजे नवा तेवढ्याच फेऱ्यांवर बसवता येईल.

आता हब नट पूर्ण काढा आणि शाफ्टचा बाहेरचा टोक हबमधून मागे ढकला. गंजाने धरला असेल तर जुना नट टोकाच्या पातळीला येईल एवढा परत चढवा आणि पितळी दांडा मध्ये धरून ठोका. तरी हलत नसेल तर पुलर. पोलादी हातोडा थेट शाफ्टवर मारला तर टोकाचे आटे फुगतात आणि मग तो शाफ्ट लेथवरच न्यावा लागतो.

बाहेरचा टोक सुटला की शाफ्ट लटकू देऊ नका, तारेने बांधा. आतला जॉइंट गिअरबॉक्समध्ये एका छोट्या सर्क्लिपवर अडकलेला असतो. गिअरबॉक्सची भिंत आणि जॉइंटचा डबा यांच्या फटीत पहार घालून एकच जोरदार झटका द्या. शाफ्टला धरून ओढू नका. आत ट्रायपॉड, म्हणजे तीन रोलरांच्या प्रकारचा जॉइंट असेल तर तो बुटाच्या आतच निसटतो, रोलर सुटतात आणि सगळे पुन्हा जुळवत बसावे लागते. पहार ऑइल सीलला टेकू नये म्हणून आडवी हालवू नका. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही एक्सल एकदम काढले तर आतली साइड गिअर जागा सोडते. त्यामुळे शक्यतो एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घ्या, किंवा मोकळ्या भोकात मापाचा लाकडी खुंटा बसवा. तसेही भोक उघडे राहू नये, शेडमधली धूळ सरळ डिफरन्शिअलमध्ये जाते.

इंजिन बाहेर काढलेली प्रोजेक्ट गाडी महिनोन्महिने इकडून तिकडे ढकलली जाते. तिच्यासाठी जुन्या, निकामी बाहेरच्या जॉइंटचे टोक कापून ठेवा. हबमध्ये ते बसवून नट पूर्ण टॉर्कने आवळला की बेअरिंगला हवा तो दाब मिळतो आणि गाडी हवी तशी ढकलता येते.

बूट बदलणे

बूट आणि त्याच्या पट्ट्या कापून टाका. पितळी दांडा बाहेरच्या जॉइंटच्या आतल्या तुकड्याला लावून एक कोरडा ठोका दिला की तो शाफ्टवरच्या क्लिपवरून सुटतो. सगळे सुटे करण्याआधी बाहेरचा डबा, आतला तुकडा आणि पिंजरा एकमेकांसमोर कसे बसतात याच्या खुणा करा. डिझेलने धुवा, सुकवा आणि गोळ्यांचे मार्ग उजेडात बघा. चकाकणारा पट्टा ठीक. नखाला लागणारा खड्डा किंवा निळसर डाग दिसला तर जॉइंट बदला, नवे ग्रीस त्याला वाचवत नाही.

ग्रीस मॉलिब्डेनमचेच हवे. किटमधल्या पाकिटातले सगळे वापरा, काही जॉइंटमध्ये बोटाने दाबून आणि उरलेले बुटात. बेअरिंगचे पिवळे ग्रीस इथे चालत नाही. बुटाची लहान बाजू शाफ्टवरच्या खाचेत बसल्यावर, मोठी पट्टी आवळण्याआधी, बारीक स्क्रूड्रायव्हर कडेखाली घालून आत कोंडलेली हवा जाऊ द्या. नाहीतर बूट फुगलेला किंवा आत ओढलेला राहतो आणि घड्यांवर घासून लवकर फाटतो. पट्टी स्टीलचीच लावा. प्लॅस्टिकचा टाय किंवा बांधायची तार उन्हाळ्यात सैल पडते.

परत बसवणे

जुने सील काढण्याआधी ते किती खोल बसले होते ते मापा. नवे तेवढेच आत घ्या. मापाच्या पाइपने सगळीकडून सारखे ठोका आणि ओठाला थोडे तेल लावा. शाफ्टच्या दात्यांवर एक फेरा गुळगुळीत टेप गुंडाळून सीलच्या तोंडापर्यंत न्या आणि तिथे काढा. नव्या सीलमधून पहिल्याच आठवड्यात तेल गळण्याचे नेहमीचे कारण म्हणजे दात्यांनी कापलेला ओठ.

नवी सर्क्लिप ग्रीसच्या थेंबाने मध्यभागी चिकटवा, दाते जुळवा आणि एका ठाम धक्क्याने आत ढकला. 'कट्' असा आवाज येतो. नंतर जॉइंटचा डबा धरून बाहेर ओढून बघा. तो येता कामा नये. इथेही शाफ्ट धरून तपासू नका, प्लंजच्या, म्हणजे जॉइंटच्या आत-बाहेर सरकण्याच्या सैलपणामुळे काहीच कळत नाही.

या गाड्यांत गिअरबॉक्स डावीकडे असल्याने डावा शाफ्ट आखूड आणि उजवा लांब असतो. दुसऱ्या मॉडेलचे इंजिन-गिअरबॉक्स बसवलेल्या गाडीत शाफ्टची लांबी, दोन्ही टोकांचे दाते, सर्क्लिपची खाच आणि सीलचा व्यास या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. लांबी तपासायची ती गाडी चाकांवर उभी असताना. आतला जॉइंट प्लंजच्या साधारण मध्यावर हवा. चाक पूर्ण खाली लोंबकळताना तो सुटता कामा नये आणि पूर्ण वर दबल्यावर तळाला टेकता कामा नये. स्प्रिंग काढून, जॅकने चाक वर-खाली करून दोन्ही टोकांना पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहतात का ते बघा. शाफ्ट कापून वेल्डिंगने जोडणे हा मार्गच नाही. तो एक दिवस खंबाटकी घाटात चढावर तुटेल. आणि इंजिन बदलताना मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, हे कामाआधीच निपटून घ्या.

हब नट टॉर्क रेंचनेच आवळा, चाक हवेत असताना आणि मदतनिसाने ब्रेक घट्ट दाबून धरला असताना. एअर गनने शेवटचा टॉर्क देऊ नका. आवळून झाल्यावर कड खाचेत ठोका. बॉल जॉइंटचा पिंच बोल्ट आणि टाय रॉडचा नट मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे. जुन्या सुझुकी गाड्यांत ते अनुक्रमे 60 आणि 43 न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, पण आपल्या मॉडेलचा आकडा अंतिम मानावा.

लोअर आर्मचा आतला रबरी बुश सोडला असेल तर त्याचा बोल्ट हवेत फक्त बोटाने लावा आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर आवळा. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर त्याच स्थितीत धरले जाते. मग गाडी उतरताच ते पिळते, काही हजार किलोमीटरांत फाटते आणि तोवर गाडी एका बाजूला उंच दिसते. या एका चुकीने नव्या बुशांचे किती संच वाया जातात, हे कोणत्याही गॅरेजच्या भंगारात दिसेल.

अलाइनमेंट: गवंड्याची हत्यारे पुरतात

आधी सैलपणा तपासा. चाक वर-खाली हलवल्यावर खुळखुळत असेल तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावीकडे-उजवीकडे हलवल्यावर असेल तर टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅक. खुळखुळणाऱ्या गाडीचे अलाइनमेंट म्हणजे पाण्यावर मारलेली रेघ. चारही टायरांत हवा सारखी आणि सांगितल्याएवढी भरा.

जमीन समतल हवी. गवंडी वापरतात ती पाणी-नळी घेऊन चारही चाकांखालची पातळी मापा. पुढच्या दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटरच्या आसपास असते. त्यात 10 मिमीचा फरक असेल तर कॅम्बरच्या आकड्यात जवळजवळ अर्ध्या अंशाची चूक शिरते. कमी पडेल तिथे फरशीचे किंवा पत्र्याचे तुकडे घाला. पुढच्या चाकांखाली 2 मिमी पत्र्याचे दोन-दोन चौकोन, मध्ये ग्रीस लावून ठेवा. मग चाक जागेवर मोकळेपणाने वळते. मागच्या चाकांखालीही तेवढीच जाडी द्या.

जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मापू नका. टायर जमिनीला चिकटून बाजूला ताणलेले असतात. तीन-चार मीटर पुढे ढकला, ब्रेक न मारता थांबू द्या, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबा.

*कॅम्बर* ओळंब्याने कळतो. ओळंब्याची दोरी चाकाच्या मध्यातून जाईल अशी धरा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मापा. मारुती 800 च्या 12 इंची रिमची कड सुमारे 340 मिमी व्यासाची असते, तिथे 6 मिमीचा फरक म्हणजे 1 अंश. वरचे अंतर जास्त असेल तर चाक वरून आत झुकले आहे, म्हणजे कॅम्बर ऋण. रिम वाकडी असू शकते, म्हणून गाडी अर्धा फेरा ढकलून पुन्हा मापा आणि सरासरी घ्या.

*कॅस्टर* ला थोडा हिशेब लागतो. चाक 20 अंश बाहेर वळवून कॅम्बर मापा, मग 20 अंश आत वळवून. दोन्हींतल्या फरकाची सुमारे दीडपट म्हणजे कॅस्टर. 20 अंशांची खूण करायला जमिनीवर 1 मीटरची सरळ रेघ मारा, टोकाला काटकोनात 364 मिमी मोजा आणि ते टोक रेघेच्या सुरुवातीला जोडा. या गाड्यांत कॅस्टर फिरवून बदलण्याची सोय नसते आणि कॅम्बरचीही बहुधा नसते. डाव्या-उजव्यात अर्ध्या-पाऊण अंशाहून जास्त फरक आला तर ते सेटिंगचे काम नाही. वाकलेला शॉकअप, वाकलेला आर्म, बसलेला बुश किंवा अपघातात सरकलेली चासी शोधायची आहे.

*टो* सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, बरोबर मध्यावर आणा आणि बांधून ठेवा. दोन सारखे सरळ पाइप घ्या, दोघांवरही 1,600 मिमी अंतरावर खाचा करा. मारुती 800 च्या रुंदीला एवढे पुरते. एक पाइप गाडीच्या पुढे, एक मागे, हबच्या उंचीवर ठेवा आणि खाचांतून दोन्ही बाजूंनी नायलॉनची लाइनदोरी ताणा. खाचा सारख्या असल्याने दोऱ्या आपोआप समांतर होतात. आता पाइप असे सरकवा की पुढच्या दोन्ही हबांचे दोरीपासूनचे अंतर एकमेकांइतके येईल आणि मागच्या दोन्हींचे एकमेकांइतके. पुढचा आकडा मागच्याशी जुळणार नाही, कारण पुढचा आणि मागचा ट्रॅक वेगळा असतो. जुळायला हवेत ते डावे-उजवे.

मग दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर मापा. पुढचे जास्त तर टो-इन, मागचे जास्त तर टो-आउट. समजा उजव्या चाकाला पुढे 93 आणि मागे 92 आले, डाव्याला पुढे 91 आणि मागे 92. एकूण टो शून्य, तरीही सरळ जाताना स्टिअरिंग तिरके राहील, कारण दोन्ही चाके डावीकडे बघत आहेत. नुसत्या एकूण आकड्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना हे दिसत नाही. मागची चाकेही अशीच मापा. ती बदलता येत नसली तरी दोन्ही एकाच बाजूला बघत असतील तर गाडी तिरकी चालते, आणि दोष मागे असताना पुढे पाने फिरवत राहिलात तर काहीच सुधारत नाही.

पुढची चाके स्वतः ओढतात तेव्हा बुश दबतात आणि चाके चालताना आत वळू बघतात. म्हणून अशा गाड्यांत उभ्या स्थितीतला टो शून्य किंवा किंचित बाहेर ठेवतात, बऱ्याच छोट्या मारुतींत शून्याच्या दोन्ही बाजूंना एखादा मिलिमीटर. 12 इंची रिमच्या कडेवर 1 मिमी म्हणजे सुमारे 10 मिनिटे (60 मिनिटांचा 1 अंश). पण हाच टो टायरच्या मध्यावर खूण करून मापला तर व्यास वाढल्याने आकडा दीडपट येतो. मॅन्युअलमधले मिलिमीटर कुठे मापलेले आहेत ते बघितल्याशिवाय तुलना करू नका.

लॉक नट ढिला करा, रॅकच्या बुटाची क्लिप सोडा म्हणजे बूट पिळणार नाही, आणि दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा. एका फेऱ्यात 1.25 मिमी सरकणाऱ्या आट्यांच्या टाय रॉडला आणि 110 मिमीच्या स्टिअरिंग आर्मला एका बाजूचा पूर्ण फेरा रिमच्या कडेवर जवळजवळ 4 मिमी फरक करतो. म्हणजे पाव फेरा साधारण 1 मिमी. प्रत्येक बदलानंतर गाडी पुढे-मागे ढकलून पुन्हा मापा. लॉक नट आवळताना टाय रॉड पान्याने धरून ठेवा, नाहीतर आवळतानाच टो हलतो.

रस्त्यावर

पहिली फेरी यवतेश्वरच्या घाटात नको. वाढे फाट्याच्या बाजूला सर्व्हिस रस्त्यावर सावकाश चालवा, ब्रेक तपासा, मग राष्ट्रीय महामार्ग 48 वर न्या. आपण डावीकडून चालतो आणि रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे स्टिअरिंग सोडल्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकणे दोष नाही. ठाम ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढ दिशा बदलते का बघा. बदलली तर दोष टायरचा. ऊसतोडीच्या दिवसांत शेंद्रे किंवा कराडच्या बाजूला ट्रॉल्यांनी खचवलेल्या कडेवर हा तपास करू नका, तिथे प्रत्येक गाडी ओढते.

50 ते 100 किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्कने तपासा, गिअरबॉक्सच्या सीलखाली बोट फिरवून तेल येते का बघा, बुटांवरून कापड फिरवा. 500 किलोमीटरनंतर टायरवर तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने दातेरी लागले तर टो चुकलेला आहे. बाहेरची कड जास्त झिजली तर टो-इन जास्त, आतली झिजली तर टो-आउट. आतली कड एकाच चाकाची आणि गुळगुळीत झिजली असेल तर त्या चाकाचा कॅम्बर मापा.

दोरीने लावलेली गाडी मशीनवर जरूर न्या. तिथे तीन गोष्टी मागा: चारही चाकांचे माप, रिमचा वाकडेपणा वजा करण्यासाठी सेन्सर बसवल्यावर चाक फिरवून घेणे, आणि आधीचा व नंतरचा छापील कागद. स्प्रिंग किंवा इंजिन बदललेले असेल तर ते आधी सांगा. मशीनमध्ये मूळ मॉडेलचे आकडे असतात, आणि उंची बदललेल्या गाडीचा कॅम्बर लाल दिसला तरी तो तिथे पाना फिरवून हिरवा होणार नाही. आपल्या दोरीच्या मापांचा कागद सोबत न्या आणि मशीनच्या पहिल्या, म्हणजे काही फिरवण्याआधीच्या आकड्यांशी ताडून बघा. 10 मिनिटांच्या आत जुळले तर पुढच्या वेळी दोरीवर निर्धास्त विसंबता येईल. जास्त फरक आला तर शेडची जमीन पाणी-नळीने पुन्हा मापा.